दोन, चार आणि पाच नंबरचे बाण

"गेला! हाही भरकटला!" बिट्टीने कपाळाला हात लावला.

तिरंदाजीच्या निवड चाचणीत, पहिल्याच फेरीत तिच्या ताईचे सहातले तीन बाण लक्ष्याच्या पार कडेला गेले होते. प्रशिक्षक सर सरळ म्हणाले, "हात कापतोय तुझा. पुढच्या फेरीतही हेच झालं, तर संघात जागा नाही!" ताईचं तोंड एवढंसं झालं. ती कोपऱ्यात जाऊन नुसती आपल्या हाताकडे बघत बसली. दुसरी फेरी अर्ध्या तासावर होती!

बिट्टीचा मित्र चष्मिस सुट्टी लागल्यापासून ताईचा प्रत्येक बाण वहीत टिपत होता. "बिट्टे, हे बघ! भरकटले ते दोन, चार आणि पाच नंबरचे. कालही हेच तीन! हात कापला असता तर कुठलेही गेले असते की!"

दोघं बाण घेऊन धावतच धनुष्यबाण दुरुस्त करणाऱ्या काकांच्या खोलीत शिरले.

"त्या तिन्हींची टोकं परवाच बदललीत मी," काका गुरगुरले. त्यांनी सहाही बाण काट्यावर टाकले. वजन अगदी सारखं! "झालं समाधान? पळा आता, डोकं खाऊ नका!"

बिट्टी रडकुंडीला आली. वीसच मिनिटं उरली होती! तेवढ्यात तिच्या बोटाला दोन नंबरच्या पिसांखाली चिकटपट्टीचे जाड वेढे लागले. ती गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमचा हात कसा स्थिर! मोजपट्टीच्या धारेवर बाण तोलून दाखवता?"

काका खूश! एक नंबरचा बाण मागच्या खाचेपासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर तोलला. तीन आणि सहाही तिथेच. दोन नंबर तिथे ठेवला मात्र, शेपूट धाडकन खाली! तो तोलला एकोणचाळीसवर. चार आणि पाचही तसेच.

काकांची बोबडी वळली. "जड टोकं संपली होती गं... हलकी बसवली. वजन भरायला मागे चिकटपट्टी गुंडाळली."

"अहो काका, पुढचा भार मागे गेला! बाण डुलणारच ना!"

चष्मिसने सरांना अक्षरशः ओढत आणलं. सरांनी आपल्या पेटीतली जड टोकं दिली. काकांनी घाम पुसत वेढे सोडवले, टोकं पिळून बसवली आणि प्रत्येक बाण स्वतः मोजला. पंचेचाळीस!

"ताई, तुझा हात ठीक आहे गं!" बिट्टी ओरडत सुटली. पण ताईला ते खरंच वाटेना.

फेरी सुरू झाली तेव्हा बिट्टीने डोळे गच्च मिटून घेतले. चष्मिसने तिला गदागदा हलवलं. "अगं बघ तरी! सहाही मधल्या पिवळ्या वर्तुळात!"

सर सगळ्यांसमोर ताईला म्हणाले, "मी तुझा हात बघत बसलो, बाण बघितलेच नाहीत. चुकलं माझं, पोरी. संघात तुझं नाव पक्कं. आणि या दोघांना शाबासकी द्यावी तेवढी थोडी!"

ताईने बिट्टीला घट्ट मिठी मारली आणि ती हमसून हमसून रडायला लागली. "वेडे, यापुढे धनुष्याला हात लावणार नाही, असं आज मी आईला सांगणार होते!"