बेरजेची दोरी

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ग्रंथालयाच्या काउंटरवर एकाच पुस्तकासाठी दोन चिठ्ठ्या आल्या. पुस्तक जाडजूड, विषय इंका साम्राज्य. गेल्या नऊ वर्षांत ते कुणीही मागितलं नव्हतं. ग्रंथपालबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, आधी चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मग चिठ्ठ्या देणाऱ्यांकडे.

"प्रत एकच आहे आणि ती घरी न्यायची नाही," त्या म्हणाल्या. "भांडायचं असेल तर बाहेर. वाचायचं असेल तर खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे."

ते टेबलावर गेले.

"तुम्ही आधी वाचा," तो म्हणाला.

"नको, तुम्हीच वाचा. मला फक्त फोटो बघायचेत."

"एवढं मोठं पुस्तक मागवून नुसते फोटो?"

"गाठींचे फोटो," ती म्हणाली.

त्याचा हात पुस्तकावरच थांबला. त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "कितव्या लेव्हलला आहात?"

"तिसऱ्या... गवताच्या पुलापलीकडे."

"चौकीवरचा माणूस दोरी दाखवतो तिथे?"

"तिथेच. सहा वेळा पुलावरून खाली पडले त्याआधी."

"मी अकरा वेळा," तो म्हणाला, आणि बढती मिळाल्यासारखा हसला.

तर असं होतं. तिचा दादा नोकरीसाठी परगावी जाताना आपला गेमिंगचा सगळा संसार तिच्या खोलीत टाकून गेला होता. त्यातला एक गेम तिने सहज लावला. त्यात आपण चास्की व्हायचं. चास्की म्हणजे इंकांचा निरोप्या. डोंगरातून धावायचं, पुढची चौकी दिसली की शंख फुंकायचा, आणि हातातली गाठी मारलेली दोरी, म्हणजे किपू, पुढच्या धावणाऱ्याच्या हाती द्यायची. चौकीवर कुणी ती दोरी समोर धरली की एक बटण दाबायचं. दोरी आपोआप वाचली जायची आणि फाटक उघडायचं.

इथेच तिचं बिनसलं. ती आत्याच्या कारखान्यात पडद्यांचे गोंडे आणि झालरी बनवायची. दिवसाला हजारभर गाठी तिच्या बोटांखालून जात. कुणीतरी गाठी मारून काही लिहितं आणि आपण नुसतं बटण दाबायचं, हे तिला पटेना. तिला ती दोरी स्वतः वाचायची होती.

त्याचं दुखणं वेगळं. तो शहर बससेवेत वेळापत्रकं करायचा. "माझ्याकडे संगणक आहे, घड्याळ आहे, फोन आहे," तो म्हणाला. "तरी दोन बस एका चौकात वेळेवर भेटवताना माझ्या नाकीनऊ येतात. ह्या लोकांनी घड्याळ नसताना, चाक नसताना, नुसत्या पायांवर एवढं राज्य चालवलं. कसं? मला झोप लागेना."

"म्हणून पुस्तक?"

"म्हणून पुस्तक. पान उलटू?"

"थांबा. तुम्ही फार भराभर वाचता."

"तुम्ही फार सावकाश बघता."

काउंटरवरून पेन्सिलीची टकटक आली. दोघांनी माना खाली घातल्या. पण सातव्या मिनिटाला तोच कुजबुजला, "हे बघा... हे बघा." मुख्य दोरीला बाकीच्या दोऱ्या लोंबतात. प्रत्येक दोरीवर तळाला एकं, त्यावर दहं, त्याहून वर शतं. शतं आणि दहं साध्या गाठींची. एकंला मात्र एकच लांब गाठ, तिचे वेढे मोजायचे. आणि शून्य?

"शून्याला गाठच नाही," तो म्हणाला. "नुसती मोकळी जागा. काहीही न करता आकडा लिहिला. काय डोकं आहे."

"आमच्याकडे मोकळी जागा सुटली तर आत्या माल माझ्या अंगावर फेकते."

"म्हणजे तुमची आत्या इंकांकडे नापास."

"आणि इंका आत्याकडे."

ठरवून काही ठरलं नाही, पण पुढच्या मंगळवारी पाच वाजून आठ मिनिटांनी ती आली तेव्हा पुस्तक टेबलावर आधीच होतं आणि तो खुर्चीत न बसता टेबलाभोवती येरझाऱ्या घालत होता.

"चौकीवरची दोरी मी कागदावर उतरवून घेतली," तो म्हणाला. "ती वाचता येते. गेम बनवणाऱ्यांनी खरीच दोरी बांधलीय. चारशे बारा."

"चारशे बारा काय?"

"पुढच्या लेव्हलला मक्याचं कोठार आहे. त्यात पोती आहेत. मी मोजली."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "पडद्यावरची पोती? एकेक?"

"दोनदा. चारशे बारा."

तिला हसू आवरेना. ग्रंथपालबाई उठून आल्या, तर त्यांनाही सगळं सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोघंही बाहेरून अगदी चांगल्या घरचे दिसता." जाताना मात्र पुस्तकाचा क्रमांक त्यांनी आपल्या हातावर लिहून घेतला.

तिसऱ्या मंगळवारी ते एकमेकांना तू म्हणू लागले. कोणी आधी म्हटलं यावर अजून एकमत नाही. त्या दिवशी तिने पिशवीतून दोरा काढून त्याला गाठी मारायला शिकवलं. त्याची बोटं आकड्यांना सरावलेली, दोऱ्याला नाही. त्याच्या गाठी ढिल्या पडायच्या, उजवीकडे कलंडायच्या.

"ही गाठ आहे की जांभई?" ती म्हणायची.

"नवशिक्याला असं बोलतात?"

"बरं. ही फार हुशार जांभई आहे." मग त्याच्या बोटांवर बोटं ठेवून ती गाठ आवळायची. आवळायला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

चौथ्या मंगळवारी एका पानावर तिला एक चित्र दिसलं. दोन लोंबत्या दोऱ्या, आणि त्या दोघींना मुळाशी एकत्र बांधून वर गेलेली तिसरी. खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या: अशी वरची दोरी खालच्या दोऱ्यांना एकत्र धरते, कित्येकदा तिच्यावर त्यांची बेरीज असते.

"पान उलटू?" म्हणेपर्यंत त्याने उलटलं होतं.

"थांब म्हटलं ना..."

"काय होतं?"

"काही नाही," ती म्हणाली. "वाच पुढे."

बाहेर पडताना तिने विचारलं, तुझी आवडती बस कुठली. त्याला असं कुणी कधी विचारलं नसावं, कारण तो पायरीवरच थांबला. "आवडती सांगणार नाही, ओळख. पण एक सांगतो. बस जिथून सुटते तो तिचा खरा स्टॉप. बाकीचे नुसते थांबे."

"तुझा फोन नंबर तरी दे. ओळखलं की कळवते."

"देतो की."

"नको, राहू दे." का कोण जाणे, तिला फुशारकी मारावीशी वाटली. "चास्कीकडे फोन नसतो."

हे वाक्य पुढे तिला चांगलंच महागात पडणार होतं.

पाचव्या मंगळवारी तो उशिरा आला. सव्वापाच. वेळापत्रक करणारा माणूस पाच मिनिटं उशिरा आला म्हणजे काहीतरी घडलंय, एवढं तिला कळलं.

"बदलीची ऑर्डर निघालीय," तो म्हणाला. "वरची जागा. इथून पाच तासांवर. शनिवारी सकाळी दहाच्या आत लेखी कळवायचंय, हो किंवा नाही."

तिने पुस्तक मिटलं. "मग?"

"मग... त्याआधी तुला एक विचारायचंय. इथे नाही. इथे बाई कान देऊन बसल्यात."

"मी अजिबात ऐकत नाहीये," काउंटरवरून आवाज आला.

"कुठे आणि किती वाजता, ते शुक्रवारी कळवतो. चास्कीच्या पद्धतीने." तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "आलीस तर विचारीन. नाही आलीस तर... तेही उत्तरच."

शुक्रवारी दुपारी ती माल पोचवून कारखान्यात परतली तेव्हा तिच्या खुंटीला एक दोरी लटकत होती. आत्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "एक जण देऊन गेला. उंचसा. तुझं नाव घेताना दोनदा अडखळला."

"काही बोलला?"

"नमुना आहे म्हणाला. कसला नमुना ते मला कळतं, मी काही आज जन्मले नाही."

मुख्य दोरीला दोन दोऱ्या होत्या. तिने श्वास रोखून त्या बोटांनी वाचल्या. पहिलीवर एक साधी गाठ आणि खाली सात वेढ्यांची लांब गाठ. सतरा. दुसरीवर पाच, चार आणि पाच वेढे. पाच पंचेचाळीस. सतरा नंबरची बस इस्पितळाच्या फाटकापासून सुटते. एप्रन काढायलाही विसरून तिने चपला पायात सरकवल्या.

पाच त्रेचाळीसला ती फाटकाशी होती. पंचेचाळीस झाले, पन्नास झाले. सतरा नंबरची एक बस सुटली. सहा वाजले. येणाऱ्या प्रत्येक उंच माणसाबरोबर तिचं काळीज वर यायचं आणि खाली बसायचं. वेळापत्रकवाला, आणि वीस मिनिटं उशीर? त्याने विचार बदलला असेल तर... सहा वाजून पाच मिनिटांनी तिने दोरी पुन्हा हातात घेतली, रडू येऊ नये म्हणून, आणि सवयीने गाठीवरून अंगठा फिरवला.

अंगठा थांबला.

सात वेढ्यांची गाठ त्याचीच होती, ढिली, उजवीकडे कलंडलेली. पण वरची एकटी गाठ घट्ट होती, नेटकी, सुईच्या टोकासारखी. अशी गाठ शहरात एकच बाई मारते. तिने दोरी उजेडाकडे धरली. दोन बोटं वर, जिथे आता काही नव्हतं, तिथे दोऱ्याला बारीक मुरड पडलेली होती. दोरा विसरत नाही. गाठ आधी तिथे होती. मध्ये जागा मोकळी दिसली म्हणून आत्याने ती सोडून शेजारच्या दोरीच्या मापात खाली बांधली होती. नेहमीप्रमाणे. प्रेमाने.

मध्ये जागा मोकळी. एकशे सात.

एकशे सात सुटते जुन्या पाणीटाकीपासून. दीड किलोमीटर.

ती धावली. एप्रनसकट. भाजीवाल्याच्या हातगाडीला वळसा, बँकेची पायरी, सिग्नलला थांबलेल्या दोन स्कूटरांच्या मधून. गेममध्ये पळताना श्वास संपला की पडद्याच्या कडा लाल होतात. तसंच होत होतं. शंख तेवढा नव्हता. सहा वाजून सतरा मिनिटांनी ती पाणीटाकीशी पोचली आणि तिथे गाड्यांच्या वेळा लिहिणारा माणूस सोडून कुणीच नव्हतं.

"उंच... वेळापत्रक..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"तो होय. आताच गेला. दोन गाड्या सोडल्या त्याने, तिसरीत बसला." माणसाने तिच्या हातातली दोरी पाहिली. "तुम्हीच का त्या? अहो बाई, पंधरा मिनिटं तो मला गवताच्या पुलांची माहिती देत होता. म्हटलं ह्याचं काहीतरी बिनसलंय."

"गाडी कुठवर गेली असेल?"

"टेकडीला वळसा आहे. चौथा थांबा सहा सव्वीस."

टेकडीचा वळसा गाडीला असतो, माणसाला नसतो. माणसाला पायऱ्या असतात. तिने एकशे चाळीस पायऱ्या कशा चढल्या आणि पलीकडे कशा उतरल्या हे ती आजही सांगू शकत नाही. चौथ्या थांब्यावर ती पोचली तेव्हा सहा बावीस झाले होते. चार मिनिटं.

एप्रनच्या खिशात दोऱ्याचा तुकडा असतोच. बोटांना काम माहीत होतं. आधी तिने आत्याची गाठ सोडली आणि जुन्या मुरडीच्या जागी बांधली. मग दोन्ही दोऱ्या मुळाशी एकत्र घेतल्या, त्यांना तिसरी बांधली, वर जाणारी. एकशे सात आणि पाचशे पंचेचाळीस. सहा गाठी. पाच गाठी. दोन वेढे. शेवटचा वेढा आवळला तेव्हा वळणावर बस दिसली. सहा अठ्ठावीस. त्याची बस दोन मिनिटं उशिरा होती आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा बसच्या उशिराचे आभार मानले.

ती चढली तेव्हा तो मागून दुसऱ्या बाकावर खिडकीशी होता. तिला बघून उभा राहिला, डोकं वरच्या दांड्यावर आपटलं, परत बसला.

"आत्याने तुझं शून्य खाल्लं," ती धापा टाकत म्हणाली.

"काय?"

"सतराच्या स्टॉपवर होते मी. वीस मिनिटं. तुझी दोरी आत्याने सरळ केली."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो असा हसला की पुढच्या बाकावरच्या आजोबांनी वळून पाहिलं. "आणि मी इथे... मी तर कागदावर हो लिहूनही टाकलं होतं."

"विचारायचं काय होतं?"

"तेच. जाऊ की..." तो थांबला. "जाऊ की राहू."

तिने दोरी त्याच्या हातात ठेवली. तो तिच्यावरून सावकाश बोटं फिरवू लागला, पहिल्यांदाच तिच्या वेगाने. एकशे सात. पाचशे पंचेचाळीस. मग तिसऱ्या दोरीशी अडला. "सहाशे बावन्न? असा नंबर कुठल्याच गाडीला नाही. आणि ही वर का गेलीय?"

"वाच ना."

"हे पुस्तकात नव्हतं."

"होतं. तू पान उलटलंस."

"सांग तरी. दहाच्या आत कळवायचंय मला."

"ग्रंथालय नऊला उघडतं," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. हसू त्याला दिसू नये म्हणून.

शनिवारी सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना ते दोघं ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर उभे होते. त्याच्या खिशात दोन पत्रं होती, एकात हो, एकात नाही, दोन्हींवर सही झालेली. दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलेली होती. ग्रंथपालबाई कोपऱ्यावर दिसल्या, हातात किल्ल्या, पावलं नेहमीपेक्षा भराभर. दार अजून उघडायचं होतं.