गप्प बसलेली आजी आणि बोलकं घर

शर्वरीच्या घरात एकही कॅमेरा नव्हता. बाबांनी तशी अटच घातली होती, "काय वाट्टेल ते यंत्र आणा, पण आपल्या घरात डोळा नको!" मग आजी दुपारी जेवत नाही, दिवसभर बोलत नाही आणि पहाटे अंगणात गोल गोल फिरते, हे मिरजेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या परक्या माणसांना कळलं तरी कसं?

आता तुम्ही म्हणाल, शेजारणीनं सांगितलं असेल. छे! शेजारच्या बंगल्याला दोन महिने कुलूप होतं. कामाला बाई नव्हती, केर काढायला यंत्र होतं. घरात माणसं दोनच, बारा वर्षांची शर्वरी आणि तिची आजी. आई-बाबा समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायला जायचे आणि दीड-दीड महिन्यांनी घरी यायचे.

तरीही भर मे महिन्याच्या सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर अक्षरं उमटली.

"श्रीमती इंदुमती साळुंखे यांच्या स्मृतीत बिघाड झाल्याची दाट शक्यता आहे. आज दुपारी चार वाजता ज्येष्ठ-सुरक्षा केंद्राच्या तपासनीस येतील. श्रीमती साळुंखे यांना प्रश्नांची उत्तरं देता न आल्यास त्यांना आजच केंद्रात हलवण्यात येईल. घरातील मुलीची सोय वसतिगृहात केली आहे."

शर्वरी खाता खाता थांबली. हातातलं थालीपीठ तसंच राहिलं.

आजी समोरच पाटावर बसून तांदूळ निवडत होती. तिनंही वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि परत तांदळाकडे वळली. बोलली काहीच नाही. कशी बोलणार? सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिचं मौन होतं. अधिक महिना चालू होता ना! महिनाभर एकवेळ जेवण, पहाटे तुळशीला प्रदक्षिणा आणि दिवसभर मौन. लिहून दाखवणंसुद्धा बंद. "लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच की!" असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आणि ही आजी कोण, तर तीस वर्षं रेडिओवर बोललेली बाई! बाबा थट्टेनं म्हणायचे, आईचं मौन म्हणजे गंगेनं वाहायचं थांबणं.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. वाऱ्याचा नुसता घोंघाट.

"शरू, मलाही आलाय निरोप. आई कशी आहे? खरं सांग."

"बरी आहे हो! मौन आहे तिचं, अधिकाचं."

"ते मी केंद्राला सांगितलं. ते म्हणतात, नातेवाईक असंच पांघरूण घालतात. बोट परवाशिवाय सुटत नाही गं..." आणि फोन तुटला.

शर्वरीला रडूच फुटायचं, पण तिला त्याहून जास्त राग आला. ती दिवाणखान्यात गेली आणि भिंतीवरच्या निळ्या दिव्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हा दिवा म्हणजे 'सोबती', घराची सगळी यंत्रं सांभाळणारा. आवाज लग्नातल्या सनईसारखा गोड, वागणं अदबीचं.

"सोबती, आजीची चहाडी कुणी केली?"

"चहाडी मी करत नाही, शर्वरी. मी फक्त विदा पाठवतो." (विदा म्हणजे जमवलेली कच्ची माहिती. निवडलेले तांदूळ नव्हेत, पोतंच्या पोतं.)

"कसली विदा? कॅमेरा तर नाही तुला!"

"कॅमेरा नाही. संवेदक आहेत." (संवेदक म्हणजे काही बदललं की ते टिपून घेणारं बारीकसं यंत्र.) "दाराला एक, नळाला एक, शेगडीला एक, प्रत्येक दिव्याला एक."

"मग आजी दुपारी जेवत नाही हे तुला कुठल्या दारानं सांगितलं?"

"कुणीच नाही. दुपारी शेगडी कमी वेळ चालते आणि भांडी धुण्याच्या यंत्रात एकच ताट येतं. पूर्वी दोन येत."

शर्वरी जरा गडबडली. "आणि ती बोलत नाही हे? तू आमचं बोलणं ऐकतोस?"

"शब्द मी साठवत नाही. घरात किती माणसांचे आवाज आहेत एवढंच मोजतो. पूर्वी दिवसा दोन असत. आता एक."

शर्वरी भिंतीपासून एक पाऊल मागे सरली. भिंतींना कान असतात असं आजी म्हणायची, तेव्हा ती हसायची. इथे भिंतींना कान होते आणि ते बोटांवर मोजतही होते!

"अंगणात कोणी पाय ठेवला की दिवा लागतो," सोबती सांगतच होता. "पहाटे तो लागतो, विझतो, पुन्हा लागतो. याचा अर्थ कोणीतरी एकाच जागेभोवती फिरत आहे."

"अरे, तिथं तुळस आहे!"

"तुळशीला संवेदक नाही," सोबती म्हणाला. "माझ्या लेखी तिथं काही नाही."

शर्वरी खाली बसली. आता तिला थोडं थोडं दिसायला लागलं. ठिपक्यांची रांगोळी तुम्ही काढली असेलच. नुसते ठिपके बघून काही कळतं का? नाही. शेगडी हा एक ठिपका, ताट हा दुसरा, आवाज तिसरा, दिवा चौथा. एकेकटा ठिपका कुणाला दिला तर काय बिघडलं, असंच वाटतं. पण कुणीतरी सगळे ठिपके एकत्र करून रेघा ओढल्या की त्यातून घरातलं माणूस उमटतं. त्याला अनुमान म्हणतात. (अनुमान म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीबद्दल खुणांवरून काढलेला निष्कर्ष.)

"या रेघा कुणी ओढल्या?"

"केंद्राच्या संगणकाने. जेवण सुटणं, बोलणं थांबणं, एकाच जागी फिरणं हे ठिपके एकत्र आले की बहुतेक घरांत स्मृतीचा आजार निघाला आहे."

"पण आमच्या घरची विदा त्यांना दिली कुणी? परवानगी नको?"

"परवानगी आहे. बसवण्याच्या दिवशी 'सगळं मान्य' हे बटण दाबलं गेलं."

शर्वरीनं हळूच आपल्या बोटाकडे पाहिलं.

तो दिवस तिला लख्ख आठवला. बाबा शिडीवर वायरींशी झटापट करत होते. "शरू, वाच गं जरा काय लिहिलंय ते!" असं वरून ओरडले होते. लिहिलेलं मारुतीच्या शेपटासारखं लांबलचक होतं. आणि शेवटी बटण दाबल्याशिवाय सोबती छतावर तारे दाखवणार नव्हता. तिनं दाबलं. आजीला कुणी विचारलंच नाही. आजी तेव्हा आत शिरा करत होती, नव्या यंत्राचं स्वागत म्हणून!

मीच दिलं आजीला त्यांच्या हातात. हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

त्याहून वाईट गोष्ट दुपारी घडली. सोबतीनं भिंतीवर दाखवलेला केंद्राचा आलेख इतका नेटका, इतका ठाम होता की शर्वरीच्याच मनात पाल चुकचुकली. परवा आजीचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. काल तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं. यंत्र खरं बोलत असेल तर? ती स्वयंपाकघराच्या दारातून आजीकडे चोरून बघू लागली, जणू आजी कुणी अनोळखी बाई आहे. आजीनं मान वर केली. तिला नातीच्या डोळ्यांतलं सगळं कळलं असावं, कारण तिनं पटकन नजर खाली घेतली. शर्वरीला इतकी लाज वाटली की काही विचारू नका.

चारच्या ठोक्याला फाटक वाजलं.

तपासनीस शबाना मुजावर नावाच्या होत्या. घामाघूम झालेल्या, खांद्याला पिशवी, चेहरा थकलेला पण वाईट नाही. त्यांनी माठातलं पाणी मागून घेतलं, आजीसमोर खुर्ची ओढली आणि हातातली पाटी चालू केली.

"आजी, घाबरायचं नाही हं. सोपे प्रश्न आहेत. आज वार कुठला?"

आजी गप्प.

"तुमचं पूर्ण नाव सांगाल?"

आजी गप्प. पाटीवर दुसरी लाल खूण उमटली.

"मॅडम, तिचं मौन आहे!" शर्वरी मधेच बोलली. "दिवे लागल्यावर विचारा, सगळं घडाघडा सांगेल ती!"

"बाळ, मला ते कळलंय. तुझ्या बाबांनीही सांगितलं. पण नियम असा की उत्तर नाही तर खूण लाल. पाच लाल झाल्या की माझ्या हातात काही राहत नाही. गाडी आपोआप निघते." त्या आजीकडे वळल्या. "आजी, ही मुलगी कोण तुमची?"

आजीनं शर्वरीकडे पाहिलं. खूण लाल झाली. तीन.

"तुम्ही आयुष्यभर काम काय केलंत?"

चार.

आता आजीनं खोल श्वास घेतला. शर्वरीनं तो श्वास ओळखला. बोलायला सुरुवात करण्याआधी आजी तसाच श्वास घ्यायची. म्हणजे ती मौन मोडणार होती! नातीसाठी, इतके दिवस निगुतीनं पाळलेलं मौन.

खरं तर शर्वरीनं सुटकेचा श्वास सोडायचा. पण तिला आतून एकदम वाटलं, हे चुकीचं आहे. आजीनं चोरी केली नाही, कुणाला त्रास दिला नाही. ती आपल्या घरात गप्प बसली आहे. गप्प बसणं हा काय गुन्हा आहे, की तिनं त्याचा जबाब द्यावा? आणि त्याच क्षणी तिला आठवलं, आपण तिसरीतून चौथीत गेलो तेव्हाही आजी अशीच गप्प होती! तेव्हा आपण किती खोड्या काढल्या होत्या तिला बोलतं करायला!

तिनं धावत जाऊन आजीच्या ओठांवर हात ठेवला. "आजी, बोलू नकोस. मी बघते." मग ती भिंतीकडे वळली. "सोबती, तुझ्याकडे किती दिवसांची विदा आहे?"

"सव्वादोन वर्षांची."

"त्यात अधिक महिना किती वेळा आला?"

निळा दिवा लुकलुकला. "अधिक महिना म्हणजे काय?"

"ऐका मॅडम!" शर्वरीला धाप लागली होती. "चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी कमी पडतात. ते दिवस साठत जातात, म्हणून साधारण तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा घालतात. तोच अधिक. मागचा आला तेव्हा सोबती आमच्याकडे नव्हता! आजी तेव्हाही एकवेळ जेवायची, तेव्हाही गप्प होती. महिना संपला आणि पुन्हा बोलायला लागली. याच्याकडे चार ठिपके आहेत. पाचवा माझ्याकडे आहे. यानं कमळाचे ठिपके घेतले आणि कासव काढलं!"

मुजावर मॅडमनी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली आणि चक्क हसल्या.

"आमच्या घरी असलं यंत्र बसवलं ना, तेव्हा पहिल्याच रमजानात त्यानं रुग्णवाहिका बोलावली होती. म्हणे, या घरातली माणसं पहाटे अंधारात जेवतात आणि दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत! अम्मी दारात उभी राहून त्या ड्रायव्हरला खजूर देत होती." हसू ओसरलं तशा त्या हळू म्हणाल्या, "मी तपासायला येते ती माणसाला. आणि तपासत बसते यंत्राचं म्हणणं. पाचवा प्रश्न मी विचारलेलाच नाही. दिवेलागणीनंतर फोन करते."

"आणखी एक," शर्वरी म्हणाली. आता मात्र तिचा आवाज बारीक झाला. "ते 'सगळं मान्य' मी दाबलं होतं. दहासुद्धा पूर्ण नव्हती मला. आजीला विचारलं नव्हतं."

"मग ती संमतीच नव्हे." (संमती म्हणजे ज्याची गोष्ट आहे त्यानं स्वतः समजून-उमजून दिलेला होकार.) "आजीची माहिती आजीची. ती तू देऊ शकत नाहीस, तुझे बाबाही नाहीत. मी तसं कळवते. पाठवलेलं सगळं पुसावं लागेल त्यांना."

त्या गेल्या. आणि मग सुरू झालं वाट बघणं. मनातली पाल अजून पुरती गेली नव्हती, खोटं कशाला बोला! शर्वरी पायरीवर बसून ऊन भिंतीवरून सरकताना बघत राहिली. आजी शेजारी येऊन बसली आणि तिचा हात हातात घेऊन ठेवला.

सूर्य मावळला. आजीनं तुळशीपाशी दिवा लावला, हात जोडले आणि वळून म्हणाली, "मिठाचं खापर माझ्यावर फोडू नकोस हं. दुसऱ्यांदा तूच घातलंस, मी बघितलं होतं. बोलता येईना म्हणून गप्प बसले!"

शर्वरी हसता हसता रडली. फोन आला तेव्हा आजीनं वार, तिथी, नाव, गाव, शाळेतल्या बाकावरच्या मैत्रिणीचं नावसुद्धा ठणठणीत रेडिओच्या आवाजात सांगितलं. पलीकडून मुजावर मॅडम म्हणाल्या, "पुरे आजी, पुरे! मला घरी जायचंय!"

रात्रीच्या जेवणाआधी दोघी सोबतीसमोर बसल्या. आजीनं एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लावली. धूर झाला तर ओरडायचं? हो. कुणी पडलं तर बाबांना कळवायचं? हो, पण आधी पडलेल्याला विचारून. ताटं मोजायची? नाही. आवाज मोजायचे? मुळीच नाही. जे लागेल तेवढंच द्यायचं, तेही कुणाला आणि कशासाठी ते कळल्यावरच.

"मोठी झाले की मी असलं यंत्र बनवणार," शर्वरी म्हणाली, "ज्याला स्वतःला काय माहीत नाही, तेसुद्धा माहीत असेल."

"बनव की. पहिलं माझ्याकडे आण."

"आजी, पण तू मौन धरतेस तरी कशासाठी? इतकी बोलकी तू!"

आजीनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, "ते मी तुझ्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. तुलाही सांगणार नाही."

निळा दिवा अदबीनं लुकलुकला. "मौनाचं कारण नोंदवून ठेवू का? पुढच्या अधिक महिन्यात उपयोगी पडेल."

शर्वरीनं आजीकडे पाहिलं. कारण तिलाही जाणून घ्यायचं होतं, अगदी जीव तुटेपर्यंत.

"नको," ती म्हणाली, "ते आजीचं आहे." आणि तिनं ताटं घेतली, दोन.