एकदा सोपं केलं की

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की आम्ही तिघं लढायला बसायचो. मी माझ्या खोलीत, मामेभाऊ त्याच्या घरी आणि ढाल त्याच्या वर्कशॉपमध्ये. कानांवर हेडफोन, समोर स्क्रीन. मामेभाऊ शाळेत गणित शिकवतो, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणतो. ढाल पेशाने सुतार. कुठलाही गेम असो, हा गडी हातात ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहणार आणि सगळ्यांच्या वाटचा मार खाणार, म्हणून ते नाव पडलं. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. गेममध्ये मी वैद्यीण. जखमा भरायच्या आणि वर शिव्या खायच्या, हे माझं काम.

त्या दिवसांत आमचं घोडं एका पुलावर अडलं होतं. पुलाच्या मधोमध एक दगडी सांड बसलेला. त्याला फोडावं, तर तुकडे सरपटत येऊन पुन्हा जुळायचे. तो पडल्याशिवाय पलीकडच्या गावात जाता येत नव्हतं.

"आपला मार कमी पडतोय," मास्तर म्हणाला. "मी हिशोब केलाय. हा जेवढ्या वेळात जुळतो, तेवढ्यात आपल्याकडून एक शिंग तुटत नाही."

"हिशोबाने सांड मरत असता, तर तुझी अख्खी शाळा घेऊन आलो असतो," ढाल म्हणाला. "ही बाई मला वेळेवर औषध देत नाही, ते बघ आधी."

"तू एका जागी उभा राहिलास तर देईन ना!" मी म्हटलं.

"डिफिकल्टी खाली आणू या," मास्तर म्हणाला. "अवघडवरून मध्यम. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," ढाल म्हणाला, आणि विषय संपला.

ह्या गेममध्ये एक विचित्र अट होती. डिफिकल्टी कधीही खाली आणता यायची, पण एकदा खाली आणली की पुन्हा वर नेता यायची नाही. तो खेळ कायमचा सोपा. खेळ माझ्या कॉम्प्युटरवर चालायचा, ते दोघं त्यात येऊन मिळायचे. त्यामुळे ते बटण माझ्या हातात होतं आणि मी त्याला कधी हात लावला नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून बाबांची हाक आली. हाक कसली, आरोळीच.

बाबा म्हणजे आमच्या घरातली सर्वांत अवघड पातळी. उभी हयात कारखान्यात फिटर म्हणून गेली आणि निवृत्त झाल्यावर तासायला लोखंड उरलं नाही, म्हणून ते मला तासायचे. चहा गार, चहा उकळता. पेपरची घडी उलटी. माझी नोकरी म्हणजे काचा पुसायचं काम. गोळ्या घ्यायच्या म्हटलं की दिवसातून दोनदा महायुद्ध. मी त्यांची लेक आहे, तेव्हा मीही काही ऐकून घेत नव्हते. शेजारी आमच्या भांडणावर घड्याळ लावत असावेत.

त्या दुपारी त्यांनी गोळ्यांची डबी भिंतीवर भिरकावली. "विष घालायचंय तर एकदाच घाल!" मी गुडघ्यांवर बसून पलंगाखालच्या धुळीतून गोळ्या गोळा केल्या. एक गोळी भिंतीच्या फटीत गेली होती. ती नखाने काढताना मला रडू आलं. रागाचं नव्हे, थकव्याचं.

परत येऊन हेडफोन लावले तर दोघंही मरून पडले होते आणि एकमेकांवर खापर फोडत होते. मी मेनू उघडला आणि डिफिकल्टी पार तळाला नेली. सोपी. नक्की का, असं स्क्रीनने विचारलं.

"होऊ दे बाई एकदाचं सोपं," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

ढाल संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. सांड दोन-तीन फटक्यांत फुटला आणि फुटलेलाच राहिला.

त्याच संध्याकाळी बाबांनी गोळ्या घेतल्या. मी पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी गोळ्या जिभेवर ठेवल्या, गिळल्या, पेला परत दिला. मी वाट बघत उभी राहिले. ते काहीच बोलले नाहीत. दुपारच्या प्रकाराची लाज वाटली असेल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी अंघोळ, दाढी, जेवण, सगळं बिनबोभाट. मला हायसं वाटलं, ते कशाला लपवू? ताईला फोन करून सांगितलंसुद्धा. ती माझी थोरली बहीण, दुसऱ्या गावात असते. "देव पावला म्हणायचं," ती म्हणाली.

मग मला ती वाक्यं ऐकू यायला लागली.

"निघालीस का? येताना माझ्या घड्याळाचा सेल आण." सकाळी मी चपला घालताना बाबा हे म्हणाले. दुसऱ्या सकाळी पुन्हा म्हणाले. त्यात नवल नाही, म्हातारी माणसं तेच तेच बोलतात. पण तेच बोलताना माणूस कधी कावतो, कधी एखादा शब्द गाळतो, कधी खोकतो. बाबांचं वाक्य रोज त्याच चढाने चढायचं आणि त्याच जागी उतरायचं. "निघालीस का" नंतरचा श्वाससुद्धा तोच.

मी सेल आणून घातला. घड्याळ टिकटिकायला लागलं. बाबांनी ते मनगटावर बांधलं आणि हसले. "वा. माझं मोठं काम झालं." मग कपाटातून त्यांनी आपला मायक्रोमीटर, लोखंडाची जाडी मोजायचं कारखान्यातलं हत्यार, काढला आणि माझ्या हातात ठेवला. त्या मायक्रोमीटरला लहानपणी ताईने हात लावला होता, तर आठवडाभर घर धुमसत होतं. तो पोलादी थंडगार तुकडा हातात धरून मी उभी राहिले. मला आनंद व्हायला हवा होता.

त्यानंतर घड्याळाचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. किती वाजले विचारलं, तरी ते मनगटाकडे बघत नव्हते.

मी कामं उरकणारी बाई आहे. गेममध्येही एखाद्या गावकऱ्याने काम सांगितलं, ज्याला आम्ही क्वेस्ट म्हणतो, की ते पुरं केल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाबा म्हणाले, खुर्ची डुगडुगते. मी सुताराला, म्हणजे आमच्या ढालीलाच, बोलावून पाय बसवून घेतला. "वा. माझं मोठं काम झालं." बाबांनी ढालीला आपला कंगवा दिला. ढाल तो कंगवा खिशात घालून अवघडून निघून गेला. बाबा म्हणाले, कारखान्यातल्या दोस्ताला फोन लावून दे. लावून दिला. त्याआधी तासभर त्या दोस्ताची आठवण काढणारे बाबा, त्याने आठवड्याने उलट फोन केला तेव्हा रिसीव्हर कानाला लावून नुसते हसत बसले. पलीकडून तो बिचारा हॅलो हॅलो करत होता.

मी डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, नाव विचारलं, वार विचारला. सगळं बरोबर आलं. "वयोमानाने माणूस निवळतो," ते म्हणाले. "तुमच्या डोक्याचा ताप कमी झाला, तर तुम्ही तक्रार करताय?" मी त्यांची फी दिली.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही पुलापलीकडच्या गावात होतो. सोप्या पातळीवर लढायला काही उरलं नव्हतं. तरवार उगारली की शत्रू आडवे. मास्तर जांभया देत गावकऱ्यांची कामं उरकत होता. ढाल नदीकाठी एका म्हाताऱ्या नावाड्याजवळ उभा होता.

"त्याचं जाळं सापडलंय ना तुला? देऊन टाक की," मास्तर म्हणाला.

"नाही देत."

"क्वेस्ट अर्धी राहील."

"राहू दे. दिलं की हा गप्प होतो," ढाल म्हणाला. "दुसऱ्या गावात बघितलंय मी. शेवटचं काम झालं की ह्या लोकांकडे बोलायला काही उरत नाही. जवळ गेलं की मान वळवतात, एवढंच. मला ह्याचं बोलणं आवडतं. दर रविवारी जाळं मागतो, मी दर रविवारी नाही म्हणतो. बरं चाललंय आमचं."

हेडफोनच्या पलीकडून, शेजारच्या खोलीतून, काहीच आवाज येत नव्हता.

मी मेनू उघडला. डिफिकल्टीचं बटण करडं होऊन पडलं होतं. दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा दाबलं.

"काय करतेयस?" मास्तरने विचारलं.

"वर न्यायचीय."

"जात नाही, माहितेय ना तुला? नवा खेळ सुरू कर हवं तर. पण मग हे सगळं पुसलं जाईल. ही माणसं आपल्याला ओळखणार नाहीत."

"नवा खेळ" ह्या शब्दांवर मी माउसचा बाण नेला. मग तो बाजूला घेतला. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास भिंगांवर आणि आकड्यांवर आहे. तरी माझी हिंमत झाली नाही, हे खरं.

त्या दिवसापासून मी बाबांची वाक्यं मोजायला लागले, आणि मोजण्यासारखं एकच उरलं होतं.

"माझा निळा स्वेटर कुठे आहे? बाही उसवलीय. तेवढी शिवून दे."

मी स्वेटर घेतला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि माळ्यावर बॅगेच्या मागे ढकलून दिला. रोज सकाळी बाबा विचारायचे. रोज मी म्हणायचे, "बघते हं बाबा." ते मान डोलवायचे. तेवढाच आमचा संवाद. त्या वाक्यासाठी मी सकाळी लवकर उठायला लागले. कधी कधी खोलीबाहेर जाऊन पुन्हा आत यायचे, म्हणजे ते पुन्हा विचारायचे.

मधूनच मी खोड्या काढल्या. भाजीत मुद्दाम मीठ जास्त घातलं. पेपर चुरगळून दिला. गोळ्यांची डबी मीच भिंतीवर फेकली आणि ओरडले, "घ्या, भांडा ना माझ्याशी! म्हणा काहीतरी!" बाबा हसले. खारट भाजी त्यांनी चाटूनपुसून खाल्ली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले. मला माझा कजाग बाप परत हवा होता. त्याला मीच घालवला होता, की तो आपोआप गेला होता, हे सांगणारं कुणी नव्हतं. ताईला काय सांगणार होते? गेममध्ये बटण दाबलं म्हणून? तिने मलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

शाळांना सुट्टी लागली तशी ताई आली, न कळवता. मी दुकानात एका गिऱ्हाइकाचा नंबर काढत होते. फोन वाजला.

"अगं, केवढी धूळ तुझ्या माळ्यावर!" ताई म्हणाली. "बाबा सकाळपासून स्वेटर मागतायत आणि तू तो चादरीत कोंबून ठेवलायस? चार टाके घालायला तुला वेळ नाही?"

"ताई, शिवू नकोस."

"शिवला की. आत्ताच घातला त्यांनी. छान दिसतोय. आणि गंमत बघ, मला स्वतःचा—"

मी फोन तसाच टाकला. गिऱ्हाईक खुर्चीतच बसून राहिलं.

घरी पोचले तेव्हा ताई दार उघडूनच उभी होती. तिच्या हातात बाबांचा चष्मा होता. मीच बनवलेला. त्याच्याशिवाय बाबांना हाताची बोटं दिसत नसत.

"नको नको म्हटलं, तरी मला देऊन टाकला," ती म्हणाली. तिचा आवाज फोनवरच्यासारखा नव्हता. "नंतर काही बोलतच नाहीयेत गं."

बाबा खिडकीपाशी उभे होते. निळा स्वेटर, बाहीवर ताईचे बारीक सरळ टाके. मी जवळ गेले तशी त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मागे सरले तशी मान पुन्हा समोर.

"बाबा?"

मान वळली. हसले.

मी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि टाके कापायला लागले.

"वेड लागलंय का तुला?" ताई म्हणाली. मग ती दोन पावलं पुढे आली. बाबांची मान तिच्याकडे वळली. ती मागे गेली. पुन्हा पुढे आली. त्यानंतर तिने मला अडवलं नाही.

सगळा दोरा निघाला. बाही खांद्यापाशी उघडी पडली.

आम्ही दोघी बाहेरच्या दारापर्यंत गेलो. मी चपला घातल्या आणि पुन्हा काढल्या, आत्ताच बाहेरून आल्यासारखं. ताईने माझा हात घट्ट धरला होता. आम्ही खोलीत शिरलो.

बाबांनी मान वळवली, पण स्वेटरचं विचारलं नाही. मी चष्मा त्यांच्या नाकावर बसवला आणि सवयीने डोळ्यांत पाहिलं. माणसाचा डोळा कधीच पुरता स्थिर नसतो. एका जागी रोखलेला असला तरी आत बारीक थरथर चालूच असते. झोपेच्या तोंडावर असते, पार म्हातारपणीही असते.

ताई हळूच म्हणाली, "काय दिसतंय गं?"

बाबांच्या डोळ्यांत ती थरथर दिसत नव्हती; ती सुरू होईल म्हणून मी बघत राहिले.