मूळ दगडाच्या शोधात

मूळ दगड शोधायचा, आणि तोही एक फांदी न तोडता! त्यासाठीच आत्या, तिची भाची आणि मोजणीदार असे तिघे सकाळीच रानात शिरले होते. कधीकाळी इथे शेत होतं. ते सोडून दिल्यावर आत्याच्या गुरुजींनी मधोमध एक दगड रोवला आणि नियम घालून दिला: इथे काही लावायचं नाही, काही तोडायचं नाही, रान आपलं आपण कसं उगवतं ते नुसतं पाहायचं. प्रत्येक झाडाची जागा त्या दगडापासून मोजलेली. मागच्या मोजणीला बरीच वर्षं लोटली होती आणि आता दगडच सापडत नव्हता. या खेपेला सापडला नाही, तर जुनी मोजमापं मातीमोल होणार, पैसे पुरवणारी संस्था हा अभ्यास गुंडाळणार आणि रानावर पुन्हा नांगर फिरणार होता.

"सापडेल. जाणार कुठे?" आत्या म्हणाली. तिच्या या खात्रीचा भाचीला कधीकधी रागच यायचा.

कोयता अर्थातच घरी. काटेरी जाळीखालून पोटावर सरपटण्याशिवाय इलाज नव्हता. मोजणीदाराला त्याच्या उंचीमुळे सगळे फूटपट्टी म्हणत. त्या उंचीचे आज फार हाल झाले. जाळी संपते न संपते तोच समोर रानडुकरीण, पिलांसकट! तिघे जागच्या जागी थिजले. तिने फुरफुरत बराच वेळ रोखून पाहिलं. मग तिलाच कंटाळा आला असावा. पिलं घेऊन ती चालती झाली.

"सुटलो बाबा," म्हणत फूटपट्टीने पाऊल टाकलं आणि तो दिसेनासा झाला!

वेलींखाली खोल खड्डा होता. भाचीने आडवं पडून आत डोकावलं. तो कमरेपर्यंत चिखलात रुतला होता.

"पायाखाली काहीतरी टणक लागलंय, म्हणून वाचलो," तो खालून म्हणाला. "पण कडा ढासळतायत. लवकर करा."

भाचीने दोर काढला. जवळच्या झाडाला वेढे देऊन एक टोक खाली सोडलं. कोणी न लावलेलं, कोणी पाणी न घातलेलं झाड! पेलेल का? दोर ताणला. झाड करकरलं. माती धडाधड कोसळली. पण झाड हललं नाही! दोघींनी जीव खाऊन ओढलं आणि फूटपट्टी चिखलासकट वर आला.

दोर सोडताना भाचीला सालीत अर्धी रुतलेली, जुन्या मोजणीतली पत्र्याची चकती दिसली. आकडा होता एक. आत्या एकदम ताठ झाली. पहिल्या तीन झाडांची दगडापासूनची अंतरं तिला तोंडपाठ होती! दोन आणि तीन आसपासच सापडली. तिन्ही झाडांना तीन फिती बांधल्या, नेमक्या त्या अंतरांवर धरल्या. तिन्हींची टोकं जुळली ती थेट खड्ड्याच्या तोंडावर!

आत्या पोट धरून हसायला लागली. "बुजवलेली विहीर! भराव खचला आणि दगडही आत गेला. गुरुजींना एवढी सपाट जागा मिळाली कशी, हे मी कधी विचारलंच नाही."

"म्हणजे मी ज्यावर उभा होतो, तो..." फूटपट्टीने खाली पाहिलं. "काढायचा का वर?"

"इथलं काही हलवायचं नाही. जागा कळली, तेवढं पुरे."

आत्याने पहिल्या झाडाभोवती फीत गुंडाळली. अभ्यास वाचला होता.

"लिही," आत्या म्हणाली. "झाड पहिलं. घेर सांगते. आणि पुढे लिही, माणसाचं वजन पेलतं."