शून्य किमतीचे टॉवेल

"पोच हवी होती, खानुम... नमुन्याचे टॉवेल आणलेत."

माहरुखने मान वर केली. इराणमधल्या यझ्दच्या इस्पितळात ती खरेदीचं काम बघायची. पावतीवरचं नाव तिला चांगलंच ठाऊक होतं. कामियार देहकानी! खरेदीच्या पोर्टलवर दोन वर्षं तिने या माणसाशी भावावरून घासाघीस केली होती. तो पन्नाशीचा आणि टकलू असणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं. हा तर जेमतेम तिशीचा! आणि डोळे असे हसरे, की सही कुठे करायची तेच तिला सुचेना.

"बरे सापडलात," ती शक्य तितक्या करड्या आवाजात म्हणाली. "हे काय लिहून ठेवलंय?"

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. शेवटच्या फेरीत त्याने चारशे टॉवेलांची किंमत भरली होती — शून्य.

"तुमच्यापुढे किंमत कसली, खानुम!"

"असं दुकानात म्हणायचं! मग गिऱ्हाईक आग्रह करतं, मग दुकानदार भाव सांगतो. कॉम्प्युटर आग्रह करत नसतो, आगा. दोन वाजता फेरी बंद झाली, की चारशेच्या चारशे फुकट द्यावे लागतील. नाही दिलेत तर नाव काळ्या यादीत!"

त्याचा चेहरा उतरला. घरचे सहा माग या इस्पितळाच्याच जिवावर चालत होते.

"मग... तुम्हीच करा ना आग्रह."

माहरुखला हसू आवरेना. तिने त्याची निविदा दुरुस्तीसाठी परत पाठवली. तशी मुभा एकदाच होती. त्याने उभ्या उभ्या मोबाइलवर खरा भाव भरला. त्याचा जीव भांड्यात पडला — आणि का कोण जाणे, तिचाही.

"सगळ्यांनाच शून्य लिहिता वाटतं?"

"छे! बाकीच्यांना रियालपर्यंत चोख भाव लावतो." तो टॉवेलाची घडी उगाचच सारखी करत राहिला. "पण तिथे... भाव पाडता पाडता आईचे गुडघे कसे आहेत, असं कुणी विचारत नाही."

माहरुखचे कान तापले. मग तिने फाईल उघडली आणि खरेदीदाराच्या जागेवरचं आपलं नाव काढून टाकलं.

"हे काय? रागावलात?"

"ही फाईल आता नजफीसाहेब बघतील. महाचिवट माणूस! रडवतील तुम्हाला."

"आणि तुम्ही?"

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. "जो माणूस आवडतो, त्याच्याशी घासाघीस कशी करायची?"