डिस्क त्याची, कोड तिचा

जानेवारीतला तो शनिवार धड पावसाचा नव्हता, धड बर्फाचाही नव्हता. आभाळातून जे पडत होते ते काचेवर टपटपायचे आणि खाली ओघळता ओघळता गोठायचे. अशा दिवशी स्टर्जन बे गावातली शहाणी माणसे घरात बसत. म्हणून चर्चमागच्या जुन्या सामानाच्या दुकानात तिघेच होते – गल्ल्यावर डोरीनबाई, सिनेमांच्या खोक्यावर वाकलेली ग्वेन आणि खोक्याच्या पलीकडे ओली लोकरी टोपी घातलेला एक उंच माणूस.

दोघांचे हात एकाच डबीवर पडले.

"सॉरी," तो म्हणाला. पण हात काढला नाही.

"मीही सॉरी," ग्वेन म्हणाली. तिनेही काढला नाही.

"फार आवडतो का हा सिनेमा तुम्हाला?"

"पाहिलेला नाही."

"मग पाहायचा असेल."

"छे! मला सिनेमा नकोच आहे. आतला कागद हवाय."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. भुवयांवरचे पाणी नाकाच्या शेंड्यावर आले तरी त्याने पुसले नाही. "आणि मला नुसती डिस्क हवीय," तो म्हणाला. "तो कागद मी दरवेळी फेकून देतो."

"फेकून देता?" ग्वेनचा आवाज असा चढला, की जणू त्याने कोणाला तरी बोटीवरून ढकलून दिले होते.

"अहो, मग वाटून घ्या ना!" डोरीनबाई गल्ल्यावरून ओरडल्या. "मला दुकान बंद करायचंय. तुमचं ठरेस्तोवर मी इथेच गोठेन."

त्यांनी वाटून घेतले. डबी उघडली, डिस्क त्याच्या खिशात गेली, कागद तिच्या. रिकामी डबी डोरीनबाईंनी बटणे ठेवायला मागून घेतली.

त्या वर्षांत सिनेमाची नवी डबी घेतली की आत डिस्क असे, आणि घडी घातलेला एक कागदही. त्यावर अक्षरे-आकड्यांची एक ओळ – कोड. तो इंटरनेटवर टाकला, की सिनेमा आपल्या खात्यात कायमचा जमा. एकदा वापरला की मात्र कोड संपला, मग तो कोणाच्याच कामाचा नाही. बहुतेक लोक डिस्क पाहत आणि कागद डबीतच विसरत. घर बदलताना ती डबी अशा एखाद्या दुकानात येऊन पडे. ग्वेन अशा विसरलेल्या कागदांच्याच शोधात असे. दिवसा ती दातांच्या दवाखान्यात फोन घेई, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून देशभरातल्या अनोळखी लोकांना ते कोड विके. कागदाच्या तळाशी 'वेगळा विकू नये' असे बारीक अक्षरात छापलेले असे. ते वाचायची वेळ आली की तिला नेमका चष्मा सापडत नसे.

त्या उंच माणसाचे नाव सोरेन. समुद्राएवढ्या मोठ्या तळ्यांवरून खनिज वाहून नेणाऱ्या एका बोटीच्या इंजिनखोलीत तो कामाला होता. हिवाळ्यात तळी गोठली की बोटी स्टर्जन बेच्या गोदीत दुरुस्तीला येत. मार्चअखेर बर्फ फुटले की निघत, त्या थेट पुढच्या जानेवारीत परतत. तळ्याच्या मध्यावर फोनला रेंज नाही, इंटरनेट नाही. खलाशांना बसायला एक खोली, तिच्यात एक टीव्ही आणि खोकाभर डिस्क. त्या वर्षी खोके भरायचे काम सोरेनकडे आले होते.

"कप्तानाला हाणामारी हवी असते," पुढच्या शनिवारी तो सांगत होता. ग्वेन आली तेव्हा तो आधीच खोक्यापाशी उभा होता. "आणि आमच्या आचाऱ्याला रडका सिनेमा. रडला की सूप फार चांगलं करतो."

"आणि तुम्हाला?"

"मला... सोबत कोणी असेल तर कुठलाही चालतो."

ग्वेनने उगीचच एक डबी उलटून पाहिली. ती रिकामी होती.

शनिवार त्यांचा झाला. दुकानानंतर समोरच्या हॉटेलात कॉफी आणि चेरी भरून भाजलेली गोड 'पाय', हेही ठरून गेले. खिडकीवर वाफ धरे. तिच्यावर बोटाने रेघोट्या ओढत सोरेन तिच्या धंद्याची चौकशी करी. 'तुम्ही'चे 'तू' कधी झाले ते दोघांनाही सांगता आले नसते.

"पण समोरचा माणूस दिसत नाही, त्याचं नाव खरं की खोटं माहीत नाही. मग पैसे आधी की कोड आधी?"

"आमच्या कोडवाल्यांत एक रीत आहे. नवखा असेल त्यानं आधी द्यायचं. जुन्याचं नाव झालेलं असतं ना. चार लोक त्याच्याबद्दल चांगलं बोललेले असतात."

"आणि जुन्यानं फसवलं तर?"

"मग त्याचं नाव गेलं. परत कोणी दारात उभं करत नाही."

सोरेनचे बोट थांबले. काचेवरची रेघ अर्धीच राहिली. "या... कॉफी पिण्याच्या, शनिवारची वाट बघण्याच्या कामात मी अगदी नवखा आहे, ग्वेन. म्हणजे मीच आधी बोलायला हवं–"

"पाय थंड होतेय तुझी," ती घाईने म्हणाली.

"पाय थंडच खातात."

"मग गरम होतेय."

तो हसला. पण पुढचे राहूनच गेले. आणि घरी जाताना ग्वेनला वाटत राहिले, आपण कशाला मध्ये तोंड घातले?

का घातले ते तिला ठाऊक होते. पुढे एका शनिवारी ते त्यालाही कळले. त्याने सहज विचारले, "तुझ्या स्वतःच्या खात्यात किती सिनेमे आहेत? हजार?"

"एकही नाही."

"थट्टा करतेस?"

"खातंच नाही." ग्वेनने कप दोन्ही हातांत धरला. "पूर्वी होतं. म्हणजे कॉलिनच्या नावावर होतं. आम्ही एकत्र राहायचो. त्यानं उघडलं आणि मी भरलं. शोधून शोधून, एकेक करून. मग तो ॲरिझोनाला गेला... आणि जाताना पासवर्ड बदलून गेला. सोफा माझ्यासाठी ठेवला. सिनेमे सगळे घेऊन गेला."

"भांडली नाहीस?"

"कशावरून? सोफा नेला असता तर दारात आडवी पडले असते. जे हातात धरता येत नाही ते ओढून कसं घ्यायचं?" ती हसली, पण ते हसू काही जमले नाही. "तेव्हा ठरवून टाकलं. जे येईल ते त्याच संध्याकाळी विकायचं. ठेवलं की जातं."

सोरेनने फक्त साखरेचे भांडे तिच्याकडे सरकवले. तिला तेवढे पुरले.

मार्च उजाडला. खाडीवरचे बर्फ दुपारी करकरू लागले, आणि गोदीतून हातोड्यांचे आवाज वाढले. अशा एका मंगळवारी संध्याकाळी सोरेन दवाखान्याच्या दाराशी उभा होता. तो पार ग्रीन बे शहरापर्यंत जाऊन आला होता. खिशातून त्याने एक कागद काढला, तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटे स्वतःच्या हाताने मिटली. त्याचा हात खरखरीत होता. ग्रीसचा वास होता त्याला. आणि तो इतका गरम होता...

"हा घे," तो म्हणाला. आणि कान लाल करून भराभर निघून गेला.

ग्वेन त्या मिटल्या मुठीनेच घरी आली. चहाचे पाणी ठेवले. सिनेमा नवा होता, त्याच सकाळी बाजारात आलेला. नव्या कोडचा भाव पहिल्या संध्याकाळी सर्वांत चढा असतो, मग रोज उतरतो. मन कुठेतरी दुसरीकडेच होते, पण हातांना वर्षांची सवय. पाणी उकळायच्या आत तिने तो केंटकीतल्या एका बाईला विकला आणि नेहमीप्रमाणे कागद फाडून टाकला, चुकून दुसऱ्यांदा विकला जाऊ नये म्हणून.

कपटे केराच्या डब्यात पडले आणि ती तशीच उभी राहिली.

नवी डबी. पूर्ण किमतीची. डोरीनबाईंच्या खोक्यात कधीच नसणारी. त्यासाठी तो ग्रीन बेला गेला होता. विकायला म्हणून कोणी कागद असा देते?

तिने केंटकीच्या बाईंना घाईघाईने लिहिले, पण त्यांचेच उत्तर आधी आले. "मिळाला! मुलं पाहायला बसलीसुद्धा. देव भलं करो."

शुक्रवारी साऱ्या गावाप्रमाणे तीही तळलेली मासळी खायला गेली, सोरेनबरोबर. हॉटेलात गर्दी, तेलाचा वास, टेबलावर लिंबाच्या फोडी. त्याने काटा खाली ठेवला.

"मग? पाहिलास?"

खरे सांगायला एक क्षण होता. तो गेला. "हो! मस्त होता."

"आणि शेवट?"

"शेवट तर... फारच छान."

सोरेनने तिच्याकडे पाहिले. जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "हं," आणि बटाटे खाऊ लागला.

तिने तोच सिनेमा दुसऱ्या एका विक्रेत्याकडून मिळवला. तो ठेवायचा कुठे म्हणून कॉलिननंतर पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने खाते उघडले. रविवारी दुपारी शेगडी पेटवून ती पाहायला बसली. एका बेटावर एकटा म्हातारा आणि त्याचा कुत्रा, एवढीच गोष्ट. शेवटी कुत्रा मरतो. म्हातारा सवयीने त्याचा वाडगा भरतो, दार उघडतो आणि शीळ घालतो... ग्वेन सोफ्यावर ओक्साबोक्शी रडली. आणि मग एकदम रडणे थांबवून तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. शेवट फारच छान!

त्यानंतरच्या शनिवारी तो आला. डिस्क घेतल्या, कागद दिले, कॉफी प्याला. सिनेमाचे नावही काढले नाही. काचेवर रेघोट्या ओढल्या नाहीत. ग्वेनला वाटले, रागावला असता तर बरे झाले असते. डोरीनबाईंनी ती एकटी असताना तिला हटकले, "काय गं, कोणी मेलंय का?"

"कुत्रा," ग्वेन म्हणाली.

बोट निघायच्या आदल्या दुपारी ती गोदीच्या फाटकाशी गेली. विकलेला कोड आणि नंतर घेतलेला कोड, दोघांत काहीच फरक नव्हता. तोच सिनेमा, तोच म्हातारा, तोच वाडगा. आता ती त्यातला प्रत्येक प्रसंग सांगू शकली असती. गप्प राहिली असती तर तो तसाच निघून गेला असता, चांगुलपणाने, काही न विचारता. तेच तिला नको होते.

सोरेन चिंधीने हात पुसत बाहेर आला.

"मी तो कोड विकला," ती म्हणाली. "तू दिलेला. त्याच संध्याकाळी."

"माहीत आहे."

"कुत्र्यामुळे?"

"कुत्र्यामुळे. अगं, डिस्क लावली तेव्हा आमच्या गोदीतली दाढीवाली माणसं रडली. आचारी जेवला नाही. आणि तू म्हणालीस फारच छान! मला वाटलं, ही बाई दगडाची आहे की काय." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "कितीला गेला?"

"सहा डॉलरला."

"बरा गेला की. मला चारच आले असते." मग हातातल्या चिंधीची घडी घालत तो म्हणाला, "विकलास त्याचं काही नाही, ग्वेन. ती तुझी सवय. पण मी विचारलं तेव्हा तू... ते लागलं."

"म्हणूनच आले. दुसरा घेतला मी. खातं उघडलं. त्यात तो एकच सिनेमा आहे."

"रडलीस?"

"वाडग्याच्या वेळी."

"मग मला सांगितलंस कशाला? दुसरा घेतलास, पाहिलास. दोन्ही सारखेच. मी काय तपासणार होतो?"

"सारखे नव्हते," ग्वेन म्हणाली. "तो तू दिला होतास."

वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले. त्याने हात पुढे केला, ग्रीस पाहिले आणि मागे घेतला. "जानेवारीत परत येईन," तो हळूच म्हणाला. "फार दिवस आहेत मध्ये. मला तू आवडतेस, हे तुला कळलंच असेल... वाट पाहशील माझी?"

ग्वेनने केस मागे सारले. हो म्हणणे म्हणजे ठेवून घेणे. आणि ठेवलेले... "मला ठेवता येत नाही काही, सोरेन. तुला सांगितलंय मी."

"मी कुठे खोक्यात बसणार आहे? मी परत येणारा माणूस आहे." आतून कोणीतरी त्याच्या नावाने ओरडले. "उत्तराची घाई नाही. बोट सकाळी निघते, एवढंच."

सकाळी ग्वेन गाडीने दवाखान्याकडे निघाली आणि पुलापाशी घंटा वाजू लागल्या. दांडे खाली आले. पूल मधून दुभंगून आभाळाकडे उचलला गेला. मोसमातली पहिली बोट जायची होती, म्हणून दोन्ही काठांना गाड्या खोळंबल्या होत्या. बोट आली ती घरे सरकत यावीत तशी, इतकी सावकाश आणि इतकी जवळ. मागच्या डेकवर नारिंगी जाकिटात सोरेन उभा होता. तो गाड्यांच्या रांगेवरून नजर फिरवत होता, एकेक गाडी पाहत.

जो असा मागे वळून शोधतो आहे तो कॉलिनसारखा काही घेऊन चाललेला नाही, हे तिला त्याच्या त्या नजरेकडे पाहून कळले. ती गाडीचे दार उघडे टाकून कठड्याकडे धावली.

"सोरेन!"

त्याने ऐकू यावे म्हणून कानामागे हात धरला. इंजिनाची घरघर, वारा, घंटा...

"पाहीन!" ती सगळा जीव एकवटून ओरडली. "वाट पाहीन!"

त्याने टोपी काढली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धरली. वरच्या खिडकीतून कप्तानाने खाली पाहिले असावे, कारण बोटीचा भोंगा लांबलचक वाजला. काठावरची कुत्री भुंकू लागली.

"काय म्हणतेय ती?" मागच्या गाडीतल्या म्हाताऱ्याने विचारले.

"वाट पाहीन म्हणतेय," त्याची बायको म्हणाली.

"पूल खाली यायची?"

"गप बसा हो तुम्ही."

पूल खाली आला, दांडे वर गेले, गाड्या हलू लागल्या. ग्वेन कठड्याशीच उभी होती. बोट कालव्याच्या वळणावर लहान झाली होती आणि तिच्यामागे फुटलेल्या बर्फाचे तुकडे सावकाश एकमेकांना लागत होते. म्हातारीने खिडकीची काच खाली केली आणि लेकीशी बोलावे तसे म्हणाली,

"बाळ, जानेवारी यायला अवकाश आहे अजून. तोवर गाडी तेवढी बाजूला घे."