आत्याची डिस्क दिसेना

कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. एकोणीस वर्षं झाली. बंद पडलेल्या यंत्राला कारण असतं, शोधलं की ते सापडतं, एवढंच मला कळतं. त्यामुळे पुढचं ऐकून कुणी हसलं तर खुशाल हसावं. घडलं ते असंच घडलं. रविवार होता, दुपारचा दीड, बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे आत्याची मागची खोली.

आणि मी घरात पाऊल टाकलं तीच धुमसत.

आत्या जाऊन नऊ दिवस झाले होते. याच खोलीत रात्री नऊच्या सुमारास खुर्चीजवळ पडली, खुबा मोडला. जागचं हलणंही शक्य नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. पहाटे कधीतरी गेली. तिच्याजवळ राहणारा माझा मोठा भाऊ, दादा, त्या रात्री बाहेरगावी होता. सकाळच्या गाडीने आला तेव्हा त्याने पाहिलं. निदान त्याने सगळ्यांना असंच सांगितलं होतं.

आत्या शब्दकोश करत होती. रोजच्या बोलण्यातल्या शब्दांचा. प्रत्येक शब्दाला अर्थ आणि खाली स्वतः रचलेलं एक वाक्य. अकरा वर्षं खपली आणि ‘ह’पर्यंत पोचली. तिच्या हातच्या चिठ्ठ्यांची चौदा खोकी दादाने चौथ्या दिवशी रद्दीत घातली.

राहिली ती कॉम्प्युटरमधली एकुलती एक प्रत.

मी फोनवर बजावलं होतं, “मी येईपर्यंत हात लावू नकोस. बंद तर मुळीच करू नकोस.”

त्याने बंद करून परत चालू केला.

“हळू चालत होता,” तो म्हणाला. “रिस्टार्ट केला. त्यात काय एवढं?”

काळ्या पडद्यावर एकच ओळ होती. डिस्क सापडत नाही.

तोंड उघडलं असतं तर थांबले नसते. कॅबिनेटचं झाकण काढलं, कॉम्प्युटर चालू ठेवून डिस्कवर हात ठेवला. गार. आतली चकती फिरत असली की हाताला बारीक थरथर लागते...

काहीच लागलं नाही.

डेटाची केबल बदलली. नाही.

दुसऱ्या पोर्टला लावली. नाही. सेटिंगच्या यादीत डिस्कची जागा रिकामीच.

शेवटी डिस्कला वीज देणारी पॉवरची पिन उपसली आणि आत काजळी धरली आहे का, ते टॉर्चने बघू लागले.

मागून दादा म्हणाला, “धाकटे, सोड आता. ती गेली, तिचे शब्द गेले. कोण वाचणार होतं?”

मी पिन तशीच सोडली आणि उठले.

“बाहेर हो.”

“अगं, मी फक्त...”

“या खोलीतून बाहेर हो. आत्ताच्या आत्ता.”

तो गेला. मी दार आपटलं. कपाळाची शीर उडत होती.

खोली शांत झाली.

आणि मग...

च्च.

बिघडलेली डिस्क टकटक करते. मी हजार वेळा ऐकलंय. हा आवाज तो नव्हता. आत्याला राग आला की ती शब्दाने बोलायची नाही, जीभ टाळूला लावून आवाज करायची. आधी एक. मग थांबून दोन.

च्च... च्च.

कॅबिनेटमधून.

यादीत डिस्क दिसत होती.

मी विचार केला नाही. खरंच केला नाही. हातांना सवय असते. कॉम्प्युटर पुढे सुरू होऊ दिला, माझी डिस्क जोडली, फाइली कॉपीला लावल्या. चाळीस मिनिटं दाखवत होतं.

अर्ध्यावर दादाने दार उघडलं. “झालं का?”

फिरण्याचा आवाज तिथेच थांबला. कॉपीची पट्टी गोठली.

“बाहेर,” मी म्हणाले. मला माझाच आवाज ओळखू येईना.

दार लागलं. चकती पुन्हा फिरू लागली.

कॉपी झाल्यावर कोशाची फाइल उघडून बघितली. शेवटची सेव्ह केल्याची वेळ होती ती पडली त्याच रात्रीची. अकरा चाळीस. शेवटचा शब्द होता ‘हाक’. अर्थ लिहिला होता. खाली वाक्य...

‘तो शेजारच्या खोलीत होता, मी तीन हाका मारल्या, तो आला नाही.’

मी मशीन बंद केली आणि डिस्क काढायला हात आत घातला. चटका बसावा इतकी तापली होती.

पॉवरची पिन खाली लोंबकळत होती. मी उपसून सोडली होती, तशीच.

दादा स्वयंपाकघरात पाणी पीत उभा होता. मी त्याला ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. शब्दन्‌शब्द. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“तू घरात होतास,” मी म्हणाले.

त्याने पेला ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, “ती सारखी हाका मारायची. चष्मा दे, खिडकी लाव. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल. कानात बोळे घालून झोपलो.”

“आणि आम्हाला गाडीची गोष्ट सांगितलीस.”

“मग काय सांगणार होतो?”

मी त्याच्यावर हात उगारला नाही, एवढंच. बाकी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

फाइल प्रकाशकांकडे दिली. ते म्हणाले, शेवटचं वाक्य जरा विचित्र आहे, बदलायचं का? मी म्हटलं, एक अक्षर हलवायचं नाही. कोश छापला जाईल तेव्हा दादालाही एक प्रत धाडायची, असं मी ठरवलं होतं. अगदी चवीने ठरवलं होतं.

काल छपाईआधीची तपासणीची पानं आली. मी सरळ शेवटचं पान काढलं.

‘तो शेजारच्या खोलीत होता, मी तीन हाका मारल्या, तो आला नाही. चौथी धाकटीला मारली.’

प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, “तुम्ही दिलेल्या फाइलीत असंच आहे.”

माझ्याकडची प्रत उघडली. तिच्यातही असंच आहे.

त्या रात्री सव्वानऊला माझा फोन वाजला होता. पडद्यावर ‘आत्या’. दुपारीच आमचं वाजलं होतं. कोशाची दुसरी प्रत काढून दे म्हणून ती महिनाभर मागे लागली होती, आणि मी चिडून बोलले होते. फोन वाजला तेव्हा मी जेवत होते. मी तो पालथा घातला.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. दादालासुद्धा नाही.

प्रकाशक विचारतायत, छापू का?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.